भाषेचे कोपरे मांडायचे कसे: पहिली-दुसरीच्या वर्गात एकट्या शिक्षकाला जमेल असं

पहिल्या वर्षी मी एका रात्रीत सात कोपरे उभे केले होते. दुसऱ्या दिवशी शाळेला भेट होती. घरच्या साड्या आणून भिंतीला लावल्या, थर्माकोलची अक्षरं कापली, 'शब्दबाग', 'गोष्टींचं घर' अशा पाट्या रंगवल्या. पाहुण्यांनी फोटो काढले, शेरेबुकात दोन चांगल्या ओळी लिहिल्या आणि ते गेले. सोमवारी मी मुलांना म्हटलं, "चला, आपापल्या कोपऱ्यात बसा." दहा मिनिटांत अक्षरकार्डांवर पत्त्यांचा डाव रंगला, शब्दचक्राची भिंगरी झाली आणि मी "ए, खाली बस" करत वर्गभर फिरत राहिले. दिवाळीपर्यंत सगळं सामान कपाटात गेलं. लॅमिनेशनचे पैसे पदरचे गेले, ते वेगळंच.

आता सहा वर्षं झाली. शाळा द्विशिक्षकी, माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, पट चोवीस. गाव ऊसतोडीला जाणारं. आज माझ्या वर्गात चारच कोपरे आहेत आणि दिसायला ते अगदी साधे आहेत. नव्याने रुजू झालेले शिक्षक विचारतात म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

कोपरा म्हणजे वर्गातली एक ठरलेली जागा, तिथलं एक ठरलेलं काम, आणि ते काम पाच-सहा मुलांनी बाईंना काहीही न विचारता वीस मिनिटं करणं. यातलं शेवटचं जमत नसेल, तर ती भिंतीची सजावट झाली.

१. आधी ठरवा, मोकळा होणारा वेळ कुणासाठी

कोपरे मुलांना गुंतवून ठेवायला असतात, असं बरेच जण समजतात. माझ्या मते ते मुळात शिक्षकाला मोकळं करायला असतात. अठरा मुलं स्वतःचं स्वतः वाचत-लिहीत असतील, तरच उरलेल्या सहांजवळ तुम्ही मांडी घालून बसू शकता.

५ जुलै २०२१ ला निपुण भारत, म्हणजे लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान आलं, तेव्हापासून दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत, हे लक्ष्य आपल्या सगळ्यांना पाठ आहे. एकेका मुलाजवळ बसायला वेळ कुठून आणायचा, एवढंच कुणी सांगत नाही. तो वेळ इथून येतो.

म्हणून पहिलं काम: दोन-तीन दिवसांत प्रत्येक मुलाला तीन-तीन मिनिटं जवळ बसवा. चार ओळींचा सोपा उतारा द्या. जमत नसेल तर शब्द द्या, तेही नसेल तर अक्षरं. वहीत नावासमोर एवढंच लिहा: अक्षर, शब्द, वाक्य, उतारा. सगळ्या वर्गादेखत वाचायला लावू नका. ज्या मुलाला येत नाही ते त्या दिवशी तुमच्यापासून लांब जातं आणि परत जवळ यायला महिना घेतं.

२. सामान गोळा करा, विकत कमीत कमी घ्या

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर चिंचोके, शिंपले, पानं, बिया यांवर बालशिक्षण उभं केलं. आपल्याला तर किराणा दुकानही हाताशी आहे. माझी यादी अशी:

- साडीचे रिकामे खोके, आठ-दहा. कापडाच्या दुकानात मागितले की मिळतात. चपटे असतात, झाकण असतं, एकावर एक बसतात. अर्धं काम इथेच होतं.
- पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, दोनशेच्या आसपास. लग्नसराईत दोन दिवसांत जमतात.
- सुतळी आणि कपड्यांचे चिमटे, पुस्तकं टांगायला.
- तांदळाच्या रिकाम्या गोण्या, धुऊन, बस्करं म्हणून.
- जुनी पाठ्यपुस्तकं, चित्रं कापायला. वरच्या वर्गात गेलेली मुलं आणून देतात.
- जाड पुठ्ठा, पक्क्या शाईचे पेन, फेविकॉल. कणकेची खळ वापरू नका, उंदीर आणि कसर दोघांनाही ती आवडते. माझा एक अख्खा चित्रकोश मे महिन्यात त्यांच्या पोटात गेला.
- एक स्टीलची ताटली आणि चमचा. का, ते पुढे.

पुस्तकांसाठी शाळेची पेटी उघडा. ती बहुतेक ठिकाणी कुलपात असते, कारण 'पुस्तकं फाटली तर जबाबदार कोण' हा प्रश्न असतो. मुख्याध्यापकांशी आधीच बोला आणि देवघेव वही घाला. त्यातूनही कमी पडली तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी पुस्तकं वाचनपातळीनुसार लावलेली आहेत, फुकट उतरवून छापता येतात. पहिल्या पातळीची पंधरा पुस्तकं काळ्या-पांढऱ्यात छापली तरी चालतं. रंग मुलं भरतात, आणि ज्या पुस्तकात आपण रंग भरला ते पोर रोज उघडतं.

३. दहा दिवस एकच कोपरा

हीच पायरी सगळे गाळतात आणि मग म्हणतात, आमच्याकडे नाही चालत.

पहिल्या दहा दिवसांत भाषा शिकवण्याच्या फंदात पडू नका. सवय शिकवा. पहिल्या दिवशी मी पुस्तकाच्या दोरीजवळ स्वतः बसते आणि करून दाखवते: चिमटा कसा काढायचा, पान कुठल्या टोकाला धरून उलटायचं, बोट ओळीखालून कसं न्यायचं, पुस्तक परत कसं अडकवायचं. मग मुद्दाम चुकीचं करते. पुस्तक उलटं धरते, पान चुरगाळते, शेजारणीशी गप्पा मारते. पोरं खिदळतात आणि ओरडून माझ्या चुका सांगतात. एखाद्याला नियम मोडताना पकडायचा आनंद सहा वर्षांच्या पोराला जेवढा होतो तेवढा कुणालाच होत नाही, त्याचा फायदा घ्या.

दुसऱ्या दिवशी पाच मुलं बसतात, बाकीची गोल करून बघतात. तिसऱ्या दिवसापासून सगळी, पण तीनच मिनिटं. मग पाच. मग आठ. ज्या क्षणी गडबड सुरू होते तिथे ताटली वाजवून थांबायचं, रागवायचं नाही, उद्या पुन्हा. वीस मिनिटांवर पोचायला माझ्या वर्गाला दोन आठवडे लागतात. एका वर्षी तीन लागले.

त्यानंतरच दुसरा कोपरा उघडा. जूनमध्ये सुरुवात केली तर चारही कोपरे चालू व्हायला पोळा उजाडतो. उजाडू द्या.

४. चार कोपरे

*दोरीवरची पुस्तकं.* दोरी मुलांच्या छातीच्या उंचीला बांधा. मी पहिल्यांदा माझ्या उंचीला बांधली होती. एका वेळी वीस-बावीसच पुस्तकं लावा, दर पंधरवड्याला निम्मी बदला. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी चित्रांवरून गोष्ट सांगायची, जोडीदाराने ऐकायची. हेही वाचनच आहे आणि तसं मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर वाचता येणारं पोर दुसऱ्याला "तुला कुठं येतंय" म्हणून मोकळं होतं.

*शब्दांचं खोकं.* इथे जास्त बोलते, कारण सगळ्यात जास्त चुका मी इथेच केल्या.

झाकणांवर अक्षरं लिहिली, मुलं शब्द लावायला लागली: कमळ, बदक, गवत. छान. मग काना-मात्रा आल्या आणि घोटाळा झाला. काना झाकणावर लिहून पुढे ठेवता येतो. पहिली वेलांटी मात्र बोलताना अक्षरानंतर येते आणि लिहिताना आधी. उकार खाली, मात्रा वर. मुलं वेलांटीचं झाकण घेऊन विचारात पडायची, हे कुठं ठेवायचं?

तोडगा सापडला साडीच्या पिशवीत. नवीन साडी ज्या पारदर्शक पिशवीत येते ती कापून मी अक्षरकार्डाएवढे तुकडे केले आणि एकेका तुकड्यावर लाल पक्क्या शाईने एकेक चिन्ह काढलं, कार्डावर ठेवलं की बरोबर जागी बसेल असं. 'क'च्या कार्डावर वेलांटीचा तुकडा ठेवला की 'कि'. तोच उचलून 'म'वर ठेवला की 'मि'. चिन्ह तेच, खालचं अक्षर वेगळं, हे मुलाच्या बोटांना कळतं. बाराखडी पाठ म्हणणारी आणि तरी 'मी' वाचताना अडणारी मुलं यातून पुढे सरकली.

दुसरं खोकं चित्रांचं: एका आवाजाची चित्रं एकत्र करायची. मी 'च'ची चित्रं टाकली होती, चाक, चमचा, चहा, चिमणी. दुसरीतली एक मुलगी दोन ढीग करून बसली. एकीकडे चाक-चमचा, दुसरीकडे चहा-चिमणी. मी म्हटलं, "अगं, सगळी च चीच आहेत." ती म्हणाली, "न्हाई बाई, बोलून बघा की." बोलून बघितलं. तिचं बरोबर होतं. मराठीत 'च'चे उच्चार दोन, अक्षर एक. तसंच जास्वंद आणि जीभ. तेव्हापासून ते खोकं मी दोन ढिगांचंच ठेवलंय.

जोडाक्षरं आणि रफार दुसरीच्या दुसऱ्या सत्राआधी खोक्यात टाकू नका. 'र' चार वेगवेगळे वेश घालतो (सूर्य, चक्र, ट्रक, सुऱ्या), ते वेगवेगळ्या आठवड्यांत भेटू द्या.

*लिहिण्याची जागा.* शुद्धलेखन काढायचं नाही. पाट्या, कोरे कागद आणि एक टपालपेटी, म्हणजे फट पाडलेलं बुटाचं खोकं. चित्र काढायचं, त्याखाली एक ओळ लिहायची किंवा कुणालाही चिठ्ठी लिहून पेटीत टाकायची. शनिवारी मी पेटी उघडून चिठ्ठ्या वाटते. मला आलेली एक अजून जपून ठेवली आहे: "बाई तुमी उद्या हिरवी साडी नेसा मला बरं वाटंल." यात लाल पेन फिरवायची इच्छा झाली तर हात मागे बांधून बसा. सोमवारी मी हिरवी साडी नेसून गेले, आणि त्या आठवड्यात पेटीत एकोणीस चिठ्ठ्या आल्या.

घरची बोली लिहिण्यात उतरणारच. तुमच्या गावात अहिराणी, पावरी, कोरकू, बंजारा जे काही बोललं जात असेल ते शब्द येऊ द्या. मी भिंतीवर एक लांब कागद लावते, मधे रेघ, एका बाजूला 'आपण घरी म्हणतो', दुसऱ्या बाजूला 'पुस्तकात म्हणतात'. मुलंच भरतात.

*ऐकण्याची जागा.* जुना मोबाइल, सिमकार्ड काढलेला, सोबत छोटा स्पीकर. दीक्षा ॲपवरचं किंवा तुमच्याच आवाजातलं ध्वनिमुद्रण, आणि त्याच गोष्टीची दोन पुस्तकं समोर. ऐकत ऐकत बोट फिरवायचं. गावातल्या आजीकडून एक कहाणी मुद्रित करून आणा, मुलं तीच परत परत लावतील. वीज नसेल, फोन नसेल, तर हा कोपरा सोडून द्या. तीन कोपऱ्यांवर भागतं.

५. गट आणि फलक

गट पाच-सहा जणांचे, पहिली-दुसरी मिसळून, येणारी-न येणारी मिसळून. नावं आंबा, चिंच, बोर, जांभूळ अशी ठेवा. 'अ गट, ब गट' ठेवलंत की 'ब' म्हणजे ढ, हे पोरांना दुसऱ्या मिनिटाला कळतं.

फलक म्हणजे पुठ्ठ्यावर चार चित्रं (पुस्तक, खोकं, पेन्सिल, कान) आणि त्याखाली चिमट्याने लावलेली गटांची फळं. दर बदलाला चिमटे एक घर पुढे. वाचता न येणाऱ्यालाही कुठे जायचं ते कळलं पाहिजे, म्हणून चित्रं.

प्रत्येक गटात आठवड्यापुरता एक कारभारी. त्याची कामं दोनच: खोकं आणणं आणि मोजून परत ठेवणं. खोक्याच्या झाकणावर आत काय किती ते चित्राने काढून ठेवा, म्हणजे भांडण होत नाही. सगळ्यात दंगेखोर पोराला पहिल्या आठवड्यात कारभारी करा. हे मी ऐकीव सांगत नाही.

६. वेळापत्रक

परिपाठानंतरच्या भाषेच्या दोन तासिका जोडून घ्या. माझं असं चालतं: पंधरा मिनिटं सगळ्यांना एकत्र गोष्ट, वीस मिनिटं पहिला कोपरा, वीस मिनिटं दुसरा, उरलेल्यात दोघा-तिघांनी आज काय केलं ते सांगायचं. म्हणजे दोन दिवसांत चार कोपरे पुरे होतात. रोज चारही फिरवायचा हट्ट धरलात, तर सगळा वेळ उठबशीत जातो. खिचडीचा वास यायला लागल्यावर कुठलाही कोपरा चालत नाही, त्याच्या आत संपवा.

बदलायची खूण म्हणजे ती ताटली. एक टण्: थांबा. दोन: सामान खोक्यात. तीन: उठा. तोंडाने ओरडून बदल करू नका. तुमचा आवाज गोष्ट सांगायला ठेवा.

७. तुमची सतरंजी

आता तुम्ही मोकळ्या आहात. दाराजवळ, सगळे दिसतील अशी सतरंजी टाका आणि यादीतली 'अक्षर', 'शब्द' लिहिलेली मुलं बोलवा, एका वेळी चार-पाच, पंधरा मिनिटं. सोबत चिन्हांचे तुकडे, कार्डं, एकच छोटं पुस्तक. त्या वेळात बाकीच्यांनी तुमच्याकडे यायचं नाही. आधी माझ्या अंगावर दर मिनिटाला कुणीतरी यायचं: पेन्सिल तुटली, त्याने मारलं, शू ला जाऊ? आता नियम आहे, आधी जोडीदाराला विचार, मग कारभाऱ्याला, मग बाईला. टोक काढलेल्या दहा पेन्सिली एका डब्यात ठेवल्या की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. शू आणि रक्त, या दोनच गोष्टींसाठी थेट यायची मुभा.

गट कायमचा नाही. दर महिन्याला तीन मिनिटांची तपासणी पुन्हा करा आणि नावं हलवा. सतरंजीवर कधीकधी चांगलं वाचणाऱ्यांनाही बोलवा, नाहीतर ती जागा 'न येणाऱ्यांची' म्हणून ओळखली जाते.

८. कागदपत्रं

थोडक्यात सांगते. बाक हलवायचे, भिंतीला खिळे ठोकायचे, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या आणि ठराव लिहून ठेवा. पालकांनाही त्याच बैठकीत कोपऱ्यावर बसवा, नाहीतर "पोरं नुसती खेळत्यात" ही तक्रार पंधरा दिवसांत येते. शाळा अनुदानातून काही घेतलं तर पक्कं बिल आणि साठा नोंदवहीत नोंद. पुस्तकांची देवघेव वही, मुलांच्या तपासणीची वही, आणि केंद्रप्रमुखांना दाखवायला इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींची (त्या इयत्तेत मुलाला काय काय यायला हवं त्याची) यादी, प्रत्येक निष्पत्तीसमोर कोणत्या कोपऱ्यात त्यावर काम होतं ते पेन्सिलीने लिहिलेलं. भेटीच्या वेळी ती यादीच पुढे करते.

९. मधेच जाणारी आणि मधेच येणारी मुलं

दसरा झाला की माझ्या वर्गातली सात-आठ मुलं आईबापांबरोबर कारखान्यावर जातात. काही जण गावातल्या हंगामी वसतिगृहात राहतात, काही जातातच. जाताना शिक्षण हमी कार्ड, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणूनचं कार्ड, देतोच, पण त्यावर मूल कुठल्या अक्षराशी थांबलं ते कळत नाही. म्हणून मी प्रत्येकासोबत एक पाकीट देते: दोन छापील पुस्तकं, पारदर्शक चिन्हांचा एक संच, कोरे कागद. आणि वर्गात त्याच्या नावाचं एक साडीचं खोकं बाजूला ठेवते. त्यात त्याने शेवटी केलेलं काम असतं.

मार्च-एप्रिलमध्ये ती परत येतात तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. त्यांना थेट गटात ढकलू नका. पहिले चार दिवस फक्त स्वतःचं खोकं आणि सतरंजी, मग पुस्तकांची दोरी, मग बाकीचं. गेल्या वर्षी एक पोरगा परत आला तो खोकं उघडायच्या आधीच खिशातून खताच्या गोणीचा कापलेला तुकडा काढून म्हणाला, "बाई, हे म्या कोपीत वाचलं." (कोपी म्हणजे ऊसतोडीच्या तळावरची झोपडी.) त्यावर मोठ्या अक्षरात 'युरिया' लिहिलं होतं. तो तुकडा आम्ही दोरीवर चिमट्याने लावला. त्या आठवड्यात पोरांनी बिस्किटाचे, साबणाचे, बियाण्याचे इतके कागद आणले की दुसरी दोरी बांधावी लागली.